डाव्या हाताचा हिरा

आमच्या घरात सकाळी दोन आवाज असायचे. पडद्याच्या अलीकडे आईच्या भाकरीची थापथूप आणि पडद्याच्या पलीकडे दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हिऱ्याचा 'सर्र'. श्रीरामपूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं काचेचं आणि फोटोफ्रेमचं दुकान होतं. दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. मध्ये भिंत नव्हती, जुन्या चादरीचा पडदा होता. त्यामुळे दुकानातलं गिऱ्हाईक काय बोलतंय ते आईला ऐकू यायचं आणि आमच्या घरात आज बोंबील भाजलेत की हुलग्याचे शेंगोळे शिजतायत ते गिऱ्हाइकाला वासावरून कळायचं. शेंगोळ्यांच्या दिवशी गिऱ्हाइकं उगाच रेंगाळायची. दादा मग आत ओरडायचे, "अगं, मास्तरीणबाई, एक वाटी बाहेर द्या, न्हाईतर ह्ये पाव्हणं हलायचं न्हाईत." आई मराठी शाळेत शिक्षिका होती आणि दादा तिला गमतीनं मास्तरीणबाईच म्हणायचे. माझं नाव त्यांनी सुवार्ता ठेवलं. आमच्या ख्रिस्ती मंडळीत ते नाव कुणाला नवं नव्हतं, पण गिऱ्हाइकं मला सुवर्णा म्हणायची. दुरुस्त करायचा कंटाळा येऊन मी दोन्ही नावांना 'ओ' द्यायला शिकले.

हिरा म्हटल्यावर अंगठीतला लखलखता खडा कुणाच्या डोळ्यापुढे येत असेल, तर आमचा हिरा बघून त्याची निराशाच झाली असती. शिसवीचा वीतभर दांडा, त्याच्या टोकाला पितळेचं बोंड, आणि त्या बोंडात बसवलेला, साखरेच्या दाण्याएवढा मळकट कण. बस्स. तरुणपणी दादांनी पुण्याला एका म्हाताऱ्या काचवाल्याकडे दहा वर्षं काढली होती आणि निघताना त्या म्हाताऱ्यानं तो त्यांच्या हातावर ठेवला होता. दुकानात चाकाचा कटरही होता, त्याला पोलादाचं बारीक फिरतं चाक असतं. पण दादा त्याला 'खेळणं' म्हणायचे. खरी काच हिऱ्यानंच कापायची. आणि कापायची म्हणजे तरी काय, दाबायचं नाही, खरडायचं नाही. पट्टी लावायची, बोंडाची सपाट बाजू पट्टीला टेकवायची, आणि हात हलका सोडून एका दमात स्वतःकडे ओढायचं. बरोबर गेला तर रेशमी लुगडं फाडल्यासारखा 'सर्र' आवाज येतो आणि काचेवर केसासारखी एक रेघ दिसते, तीसुद्धा उजेडात तिरकं बघितलं तरच. चुकला तर 'खर्र' होतं आणि पांढरा भुगा पडतो. भुगा पडला की समजायचं, ओरखडा आलाय, काप आलेला नाही. अशी काच मोडायला गेलं की ती स्वतःच्या मर्जीनं कुठंही फुटते.

त्या हिऱ्याची दादा जी बडदास्त ठेवायचे तेवढी माझी कधी ठेवल्याचं मला आठवत नाही. कापण्याआधी काच कोरड्या फडक्यानं पुसायची, कारण धुळीचा एक खडा हिऱ्याच्या तोंडी लागला तर कड बोथट होते. काम झालं की बोंड रॉकेलच्या चिंधीनं पुसायचं, टोकाला बुचाचा तुकडा टोचायचा आणि हिरा चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवायचा. एकदा गेलेल्या रेघेवरून पुन्हा कधी जायचं नाही. फुलाफुलाची काच असेल तर गुळगुळीत बाजूनंच कापायची. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, काप संपताना काचेच्या कडेवरून हिरा खाली घसरू द्यायचा नाही, त्या एवढ्याशा उडीनं त्याचा कोपरा उडतो. हे सगळं मला पाढ्यांसारखं पाठ होतं. हिरा मात्र दादा कुणाच्या हातात देत नसत. "हिरा एका हाताला बसतो," म्हणायचे. "दुसऱ्याच्या हातात गेला की त्याची चाल मोडती."

मी बारावी होऊन घरी होते. आईला वाटत होतं मी डी. एड. करावं. मला पहिल्या यादीत प्रवेश मिळाला नाही आणि मला त्याचं फारसं दुःखही झालं नाही, हे आज कबूल करायला हरकत नाही. मला दुकानात बसायला आवडायचं. मी फ्रेमा ठोकायचे, खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून खिडक्यांच्या काचा पक्क्या बसवायची लांबी करायचे, त्या लांबीचा वास आठवडाभर बोटांना राहायचा. पण काच कापणं मला जमेना. दादांनी चाकाच्या कटरवर मला खूप शिकवलं. माझी रेघ वाकडी जायची, मध्येच हात अडखळायचा, आणि काच मोडताना कोपरा उडायचा. दादा शांतपणे तुकडे गोळा करायचे. शेवटी एके दिवशी म्हणाले, "आसू दे, सुवार्ता. काच तुझ्या हाताला लागत न्हाई. लांबी मात्र झकास करतीस." मला ते फार लागलं. मी पडद्याआड जाऊन रडले आणि मग जेवायला बसले, कारण त्या दिवशी वांग्याचं भरीत होतं.

मला काच का जमत नव्हती ते घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी तिकडे बघत नव्हतं. मी जन्माची डावखुरी. पहिलीत मी आईच्याच वर्गात होते आणि आईनंच माझा डावा हात मोडला. म्हणजे मारून नाही, आईनं मला कधी हात लावला नाही. ती माझ्या डाव्या मनगटाला लाल रिबिनीचं फूल बांधायची. हात पेन्सिलीकडे गेला की रिबीन दिसायची आणि मी हात मागं घ्यायचे. वर्षभरात मी उजव्या हातानं लिहायला, जेवायला, पाणी द्यायला शिकले. आईला वाटायचं, तिनं मला मोठ्या अडचणीतून सोडवलंय. तिच्या दृष्टीनं ते खरंही होतं. डाव्या हातानं ताट वाढणारी मुलगी कुणाच्या घरात चालली असती? पण कुणी बघत नसलं की दाराची कडी, दोऱ्याची गाठ, कात्री, सगळं माझा डावा हात गुपचूप करून टाकायचा.

मग गारा पडल्या. ईस्टरच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाच्या, आधीचे दिवस. दुपारी चारच्या सुमाराला आभाळ पिवळं झालं आणि लिंबाएवढ्या गारा पंधरा मिनिटं नुसत्या कोसळत होत्या. पत्र्यावरचा आवाज इतका की दादा माझ्या कानाशी तोंड आणून काहीतरी ओरडत होते आणि मला ऐकू येत नव्हतं. थांबल्यावर कळलं, ते 'काचांवर घोंगडी टाक' म्हणत होते. आमच्या काचा वाचल्या. गावातल्या वाचल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली. शेतकऱ्यांचा गहू झोपला होता, मोसंबीच्या बागांचं नुकसान झालं होतं, आणि आमच्या दुकानात दिवाळी असल्यासारखी गर्दी. दादांना त्याची लाज वाटायची. प्रत्येकाला आधी शेताचं विचारायचे, मगच खिडकीचं माप घ्यायचे. शाळेच्या खिडक्या, दवाखान्याच्या खिडक्या, कुणाच्या कपाटाची काच, कुणाच्या देवघराची. आठ दिवस दादांचा हिरा थांबला नाही.

आणि आमच्या चर्चच्या पश्चिमेकडच्या खिडक्या. तिकडून गारांचा मारा आला होता. एकतीस काचा फुटल्या होत्या. चर्च जुनं, खिडक्यांची लाकडी चौकट जुनी, आणि काचाही जुन्या, जाड, हिरवट झाक असलेल्या. तशी काच आता बाजारात मिळत नव्हती. पण चर्चच्या मागच्या खोलीत कधीच्या काळी आणून ठेवलेल्या मोठ्या काचांची एक पेटी निघाली. दादांनी हिशेब केला तेव्हा एकतीस काचा होऊन वर जेमतेम दोन उरतील एवढा माल होता. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "मिस्त्री, सणाच्या उपासनेला खिडक्यांना गोणपाट नको." दादा म्हणाले, "न्हाई राहायचं, साहेब."

हे म्हणाले त्याच संध्याकाळी हिरा गाईनासा झाला. मी लांबी मळत होते आणि मला आवाजातला फरक ऐकू आला. 'सर्र'च्या शेवटी एक बारीकशी खरखर. दादांनीही ऐकली. त्यांनी हिरा उजेडाकडे धरला, भिंगातून बघितला आणि खाली बसले. आठ दिवसांच्या कामानं कड झिजली होती. आता त्या कणाचा दुसरा कोपरा बाहेर काढून तो बोंडात नव्यानं बसवायला हवा होता. ते काम करणारे एकच गृहस्थ दादांच्या माहितीत होते, नगरला सराफ बाजारामागच्या गल्लीत राहणारे घोडके तात्या. दादांना दुकान सोडून जाता येईना, चर्चच्या चौकटी तासायच्या होत्या. म्हणाले, "तू जा. सकाळच्या गाडीनं जा, तात्या तितंच बसवून देतील, संध्याकाळच्या गाडीनं ये. डबी छातीशी धर. आन तात्यांना ऐकू येत न्हाई बरं का, पाटी आसती त्यांच्याकडं, तिच्यावर लिहून द्यायचं."

बुधवारी सकाळी एसटीनं मी निघाले. एकटीनं नगरला जायची ती पहिली वेळ. आईनं भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक कांदा बांधून दिला होता. राहुरीच्या अलीकडे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती आणि खिडकीतून मळीचा वास येत होता. शेजारच्या बाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मला तो वास मुळीच वाईट वाटला नाही. डबी मी पिशवीत न ठेवता खरोखरच छातीशी धरून बसले होते. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात, ताई?" मी म्हणाले, "हिरा." तो इतका हसला की पुढच्या तीन सीटांवरच्या लोकांना त्यानं ते सांगितलं.

घोडके तात्या सत्तरीचे असतील. छोटी खोली, खिडकीशी एक उतरतं टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, चिमटे, कानशी, डोळ्याला लावायचं भिंग. काकूंनी मला पाणी दिलं, चहा दिला, नवऱ्याच्या कानात "श्रीरामपूरच्या काचवाल्यांकडनं आलीय!" असं गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडून सांगितलं आणि भाजीला निघून गेल्या. तात्यांनी हिरा भिंगाखाली धरला. बराच वेळ बघितला. मग ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं एकाच सुरात म्हणाले, "तीन कोपरे वापरून झाले याचे. हा चौथा. यानंतर नाही." मी मान हलवली. ते पुढे म्हणाले, "कापणाऱ्याचा हात बघितल्याशिवाय मी बसवत नाही. हे घे, काप."

त्यांनी माझ्यापुढे काचेचा तुकडा ठेवला आणि त्यांच्याकडचा एक जुना हिरा हातात दिला. तिथंच मी पाटी उचलायला हवी होती. पण त्यांनी काचेच्या कोपऱ्यावर दोन बोटं टेकवली होती आणि ते वाट बघत होते. तात्या काप कानानं ऐकत नसत, बोटांनी ऐकत. मी उजव्या हातानं हिरा ओढला. त्यांनी लगेच मान हलवली. "हा तुझा हात नाही," म्हणाले. अगदी साधेपणानं, बस चुकलीय असं सांगावं तसं. "मघाशी चहाची बशी कुठल्या हातानं उचललीस?"

मी हिरा डाव्या हातात घेतला. त्यांनी पट्टी उचलून दुसऱ्या अंगाला लावली. मी ओढला. पहिल्यांदा खर्र झालं. त्यांनी माझं मनगट किंचित उभं केलं. पुन्हा ओढला, आणि मला तो आवाज आला. माझ्या हातातून. आजही तो क्षण आठवला की माझ्या डाव्या तळहाताला कसंतरी होतं. तात्या हसले, काचेवरची बोटं उचलली आणि म्हणाले, "आता बसवतो बघ तुझ्या हाताला."

आता जे लिहिणार आहे ते मी पुष्कळ वर्षं वेगळ्या रीतीनं सांगत आले. मी सांगायचे, तात्यांना ऐकू आलं नाही, त्यांचा गैरसमज झाला. ते अर्धंच खरं आहे. पाटी माझ्यासमोर होती, पेन्सिलही होती. 'हिरा वडिलांचा आहे, त्यांचा हात उजवा' एवढं लिहायला किती वेळ लागला असता? मी पेन्सिल उचलली. 'हिरा' एवढा एक शब्द लिहिला आणि थांबले. तात्यांनी तो वाचला आणि म्हणाले, "हो, हिराच बसवतोय." आणि त्यांनी दिवा पेटवला. पितळ तापलं, आतला जोडाचा डाक वितळला, चिमट्यानं त्यांनी तो कण बाहेर घेतला, भिंगाखाली फिरवला, पुन्हा बसवला, कानशीनं बोंडाची दुसरी बाजू सपाट केली. दोन तास मी समोर बसून बघत होते. दोन तासांत पाटी माझ्याकडून पुन्हा उचलली गेली नाही.

त्या संध्याकाळी मी घरी पोचले. दादा म्हणाले, "झालं का नीट?" मी म्हणाले, "झालं." त्यांनी डबी घेतली, कपाळाला लावली आणि कपाटात ठेवली. मला जेवण गेलं नाही. आईला वाटलं, एसटी लागली असेल.

गुरुवारी सकाळी चर्चच्या अंगणात लिंबाखाली लाकडी टेबल मांडलं, त्यावर घोंगडी अंथरली, काच ठेवली. पाळकसाहेब आले, मंडळीतले दोन वडीलधारेही आले. दादांनी बाह्या वर केल्या, पट्टी लावली आणि हिरा ओढला. खर्र. पांढरा भुगा. दादांनी हिऱ्याकडे बघितलं, बोंड पुसलं, काचेच्या फेकायच्या कडेवर पुन्हा ओढला. खर्र. पट्टी उलट्या बाजूनं लावून पाहिली, हात आडवा आला, पुन्हा भुगा. "तात्याची नजर गेली," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "म्हातारा झाला त्यो. आता कवा नगरला जायचं आन कवा यायचं?" मग त्यांनी पिशवीतून चाकाचा कटर काढला. त्या जुन्या काचेला चाक मानवलं नाही. काच मोडायला गेल्याबरोबर आडवी तडकली. दोनातली एक वाढीव काच तिथंच संपली. मंडळीतले एक वडीलधारे हळूच म्हणाले, "मग गोणपाटच लावावं लागतंय का काय?"

"दादा," मी म्हणाले, "तात्यांची नजर चांगली आहे. त्यांनी तो माझ्या हाताला बसवलाय."

दादा वळले. "तुझ्या हाताला? तुझ्या हाताला काच लागती कुठं?"

"या हाताला नाही," मी म्हणाले आणि डावा हात वर केला. सगळ्यांसमोर, चर्चच्या अंगणात, एकोणीस वर्षांची मी, शपथ घेतल्यासारखी डावा हात वर करून उभी. "तात्यांनी विचारलं तेव्हा मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही."

लिंबावर साळुंक्या भांडत होत्या. दादांच्या चेहऱ्यावर राग आला, मग काहीतरी दुसरं आलं, ते मला वाचता येईना. पाळकसाहेब घसा साफ करून म्हणाले, "मिस्त्री, एक काच आहे की अजून वाढीव. बघू या की." दादांनी हिरा माझ्या हातात दिला नाही. घोंगडीवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरले.

मी काच पुसली. पट्टी माझ्या बाजूला लावली. मनगट तात्यांनी केलं होतं तसं उभं केलं, श्वास सोडला आणि ओढायला सुरुवात केली. सर्र. अर्ध्यावर आले आणि मला टेबलाच्या पलीकडे निळ्या काठाचं लुगडं दिसलं. सकाळची शाळा सुटून आई जेवणाचा डबा घेऊन आली होती. ती माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. एकदा सुरू केलेला काप मध्ये थांबवता येत नाही. थांबला तर काच गेली. आईच्या डोळ्यांदेखत, ज्या हाताला तिनं रिबीन बांधली होती त्या हातानं, मी तो काप शेवटपर्यंत ओढला आणि कडेवर हिरा अलगद उचलला. काच टेबलाच्या काठाशी आणली, खालून दोन बोटांनी टिचकी दिली, आणि दोन्ही हातांनी दाबली. टक्. सरळ. कड अशी की जणू आधीपासूनच तिथं दोन काचा होत्या.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मी आईकडे बघितलं. आई डबा धरून उभीच होती. मग म्हणाली, "भाकरी गार होतीय. अजून किती आहेत?"

"तीस," दादा म्हणाले.

त्या दिवशी दादा माझ्याशी इंच-सुतांच्या मापांखेरीज एक शब्द बोलले नाहीत. "साडेअकरा, दोन सूत." मी कापायचे. "बारा, सूत कमी." मी कापायचे. एक काच कमानीच्या डोक्याची होती, तिच्यावर त्यांनी पुठ्ठ्याचा साचा धरून ठेवला आणि मी साच्याच्या कडेनं हिरा ओढला. सतरावी की अठरावी काच असेल, मी घाईत हिरा कडेवरून खाली सोडणार होते, आणि दादांचा हात पटकन काचेच्या कडेखाली आला. तेवढंच. त्यांच्या तळहाताला बारीक चरा गेला. त्यांनी तो शर्टाला पुसला आणि पुढचं माप सांगितलं. शुक्रवारी गुड फ्रायडेची उपासना होती, सगळा दिवस काम बंद. शनिवारी दोघांनी मिळून काचा बसवल्या, मी लांबी भरत गेले, ते चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकत गेले. वाढीव काच शेवटपर्यंत लागली नाही.

शनिवारी दुपारी शेवटच्या खिडकीखाली आम्ही बसलो होतो. मी म्हणाले, "दादा, चूक माझी आहे. तो शेवटचा कोपरा होता. तात्या म्हणाले होते." दादांनी बिडी शिलगावली. "पाटी हुती न्हवं समोर?" "होती." "काय लिवलंस मग तिच्यावर?" मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हिरा?" "हो." "एवढंच?" "एवढंच." दादांना हसू आवरेना. बिडीचा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. "तुला बारावीपतुर शिकवली," ते म्हणाले, "ती पाटीवर 'हिरा' लिवायला व्हय?" मग मलाही हसू आलं. आम्ही इतके हसलो की झाडूवाल्या मावशी बाहेर काय झालं ते बघायला आल्या.

पण राग सगळा गेला होता असं नाही. पुण्याच्या त्या म्हाताऱ्यानं हातावर ठेवलेली वस्तू आता त्यांच्या हाताची राहिली नव्हती, आणि हे त्यांना पुढे बरेच दिवस टोचत राहिलं. नंतर त्यांनी पुण्याहून नवा हिरा आणवला. चांगला होता, पण त्याच्याशी त्यांचं कधी जमलं नाही. "ह्यो मुका हाय," म्हणायचे. माझा मात्र त्यानंतर अकरा वर्षं गात होता.

सणाच्या सकाळी उपासनेला चर्च भरलं होतं. ऊन पश्चिमेच्या खिडक्यांवर नव्हतंच, ते पूर्वेकडून येत होतं, त्यामुळे आमच्या काचांकडे कुणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं. सगळे गात होते आणि दादा गाता गाता मान वळवून तिसऱ्या खिडकीची लांबी निरखत होते. आईनं त्यांना कोपरानं ढोसलं. घरी आल्यावर मटणाचा बेत होता. आईनं ताटं वाढली आणि माझ्यापुढे ताट ठेवताना एवढंच म्हणाली, "जेवायचं मात्र उजव्याच हातानं." मी "हो" म्हणाले. ती वळली, मग परत आली आणि मला आणखी एक भाकरी वाढली. तिनं त्या रिबिनीबद्दल त्या दिवशी काही म्हटलं नाही आणि नंतरही कधी म्हटलं नाही. डी. एड.ची दुसरी यादी लागली तेव्हा तिनं मला आधी विचारलं, मग आपणच फॉर्म कपाटात ठेवून दिला.

सोमवारी दुकान उघडलं. साडेनऊ झाले असतील, मी पडद्याआड चहा पीत होते. बेलापूरकडची एक बाई लेकीच्या लग्नाचा फोटो घेऊन आली, तिला त्याच्यावर काच हवी होती. पडद्याच्या फटीतून मला दिसलं, दादांनी फोटोचं माप घेतलं, फळीवरून काच काढली, टेबलावर ठेवली, पुसली. मग पट्टी उचलली आणि क्षणभर हातात धरून उभे राहिले. नंतर ती काचेच्या पलीकडच्या अंगाला, माझ्या बाजूला, नीट लावून ठेवली.

"लवकर द्या, मिस्त्री," बाई म्हणाली, "माझी गाडी हाय."

"जरा दम धरा, बाई," दादा म्हणाले, "कापणारी चहा पितीय."